फाट्यावरचं हायस्कूल

आळेफाटा हे गाव नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आळे आणि वडगाव आनंद या दोन गावांच्या शिवारात वाढलेली ही वस्ती आहे. खताची दुकानं, दवाखाने, पतसंस्था, लॉज, कांद्याच्या ट्रकांची रांग, आणि चोवीस तास कुठली ना कुठली एसटी. ग्रामदैवत, पार, यात्रा हे सगळं गावात. फाट्यावर नुसता धंदा. शहरातली माणसं अशा ठिकाणाला उपनगर म्हणतील, पण उपनगराला शेजारी एक नगर लागतं. इथून पुणं नव्वदेक किलोमीटर, नाशिक त्याहून लांब, कल्याणला जायचं तर माळशेज उतरावा लागतो, आणि तालुक्याचं जुन्नरही हाकेच्या अंतरावर नाही. सगळ्यांच्या वाटेवरचं आणि कोणाच्याच शेजारचं नसलेलं, असं हे ठिकाण.

अशा ठिकाणच्या हायस्कूलचा इतिहास लिहायला बसलं की हात आपोआप दोन गोष्टींकडे जातात: मुख्याध्यापकांची यादी आणि दहावीचा निकाल. दोन्ही कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात, उतरवून घ्यायला सोप्या. मला त्यांत फारसं काही सापडत नाही. जुन्नर-आंबेगावातल्या माध्यमिक शाळांची खरी गोष्ट ही पोहोचण्याची गोष्ट आहे. शाळेपर्यंत कोण पोहोचलं, कशाच्या बळावर पोहोचलं, आणि कोण वाटेतच राहिलं, हे विचारत गेलं की इतिहास आपसूक बोलायला लागतो. पुढची पानं वाचताना हा एक प्रश्न जवळ ठेवावा, म्हणून ही प्रस्तावना.

आधी शाळा कोणाची ते पाहू. बाहेरच्या माणसाला हे समजावताना नेहमी अडखळायला होतं. चौथी-सातवीपर्यंतची शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे सरळ सरकारी. हायस्कूल मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या शिक्षण संस्थेचं. जागा गावाने दिलेली, खोल्या वर्गणीतून बांधलेल्या, कारभार निवडून आलेल्या संचालकांचा, शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून आणि परीक्षा राज्य मंडळाची. कागदोपत्री 'खासगी अनुदानित'. गावाच्या लेखी 'आपलं हायस्कूल'. आळ्यात ज्ञानेश्वर ग्रामोन्नती मंडळाचं ज्ञानमंदिर आहे, त्याच मंडळाचं पुढे बाळासाहेब जाधव महाविद्यालय झालं. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळाचं गुरुवर्य रा. प. सबनीस विद्यामंदिर, ओतूरला चैतन्य विद्यालय, घोडेगावात जनता विद्यामंदिर. संस्थेच्या निवडणुकीला इथे ग्रामपंचायतीइतकीच चुरस असायची, आणि ती का असायची हे ज्याला कळलं त्याला या भागातलं निम्मं राजकारण कळलं. नोकऱ्या संस्थेच्या हातात होत्या. एका गावात शिक्षक-शिपाई मिळून वीस-पंचवीस कायम पगारी माणसं ठेवणारा दुसरा मालक कोण होता?

नावांवरही नजर टाकावी. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, म्हणून तिथे चैतन्य. नारायणगावच्या शाळेला एका गुरुजींचंच नाव. आळ्याचं तर विचारूच नका. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तो भावंडांबरोबर परतीच्या वाटेला लागला आणि आळ्यात त्याने देह ठेवला, अशी इथली श्रद्धा. त्याची समाधी गावात आहे, चैत्रात तिथे यात्रा भरते. इतर गावांत मास्तरांनी पोराला रेडा म्हटलं की ती सरळ शिवी होते. आळ्यात तसं म्हणणाऱ्याने जरा जपूनच बोलावं. ज्याला शिकण्याचा अधिकार नाही असं सभेने ठरवलं होतं त्याच्याच तोंडून विद्या बोलली, ही गोष्ट ज्या गावात देवळात बसवली आहे, त्या गावाला हायस्कूल हवंसं वाटलं यात नवल नाही. नवल हे, की त्यासाठी विसावं शतक अर्धं उलटावं लागलं.

त्याआधी काय होतं? प्राथमिक शाळा होत्या, आणि सातवीला व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला माणूस मास्तर, तलाठी नाही तर पोस्टमास्तर होऊ शकत असे, आणि आयुष्यभर गावाची पत्रं वाचून दाखवत असे. इंग्रजी शिकायचं तर जुन्नर गाठायचं, किंवा पुणं. जुन्नरला खोली घेऊन राहायचं, हाताने रांधायचं किंवा नातेवाइकांकडे ओसरीवर पडायचं. म्हणजे मॅट्रिक हे हुशारीपेक्षा ऐपतीचं काम होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहाला शाळेइतकंच महत्त्व दिलं, ते याच दुखण्यावरचं औषध होतं. पोरगं हुशार आहे पण राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला त्या वाऱ्याची झुळूक पोहोचली तेव्हा गावोगावच्या पुढाऱ्यांनी आपापली मंडळं काढली. काही रयतेकडे गेले, काहींनी आपली चूल वेगळी मांडली. वेगळी चूल मांडणाऱ्यांचा जुन्नर तालुक्यात भरणा जास्त. हा स्वभावाचा भाग असावा, दुसरं कारण मला दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन निर्णयांनी या शाळा बदलल्या. पहिला ईबीसी सवलतीचा. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ठरावीक वार्षिक उत्पन्नाच्या आतल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. मर्यादा बाराशे रुपयांवर गेली तेव्हा कोरडवाहू जुन्नरचं जवळजवळ प्रत्येक घर तिच्यात बसत होतं. दाखल्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरणारे बाप आणि 'ईबीसीचा फॉर्म भरला का रे?' म्हणून वर्गावर येणारे कारकून, हे त्या पिढीच्या आठवणींत हमखास भेटतात. दुसरा निर्णय १९७५चा. अकरावीची मॅट्रिक गेली, दहावीची एसएससी आली. त्या वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन्ही परीक्षा झाल्या आणि एकाच घरातली दोन भावंडं एकदमच 'बोर्डाला' बसलेली दिसली. नव्या गणिताने आणि सक्तीच्या शास्त्राने खेड्यातल्या पोरांची पहिली काही वर्षं दाणादाण उडाली, हे जुने शिक्षक आजही सांगतात, आणि सांगताना दोष अभ्यासक्रमाला देतात. थोडा प्रयोगशाळेलाही द्यायला हरकत नव्हती. काचेच्या कपाटात कुलूपबंद असलेली परीक्षानळी मुलांनी लांबून पाहायची, हा प्रकार बऱ्याच वर्षांचा.

शाळेत एक वस्तू अशी आहे की तिच्यावर स्वतंत्र पुस्तक होईल: जनरल रजिस्टर. आडवं, जाड, कापडी पाठीचं, मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवलेलं. अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. वर्तणुकीखाली सरसकट 'चांगली'. ज्याने वर्गात फटाका लावला त्याचीही चांगलीच. जन्मतारखेचा रकाना खाली खाली वाचत गेलात तर १ जून, १ जून, पुन्हा १ जून. या शिवारातली निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली की काय असं वाटावं. पोराला पहिलीत घालताना आईला आठवत असे ते 'नवान्नाच्या आधी' किंवा 'थोरल्या पुराच्या साली' एवढंच, आणि गुरुजी शाळेचं वर्ष सुरू होण्याच्या हिशेबाने तारीख टाकून मोकळे होत. प्राथमिकच्या दाखल्यावरची तीच तारीख हायस्कूलच्या रजिस्टरात उतरायची आणि मग पेन्शनच्या कागदापर्यंत माणसाला चिकटायची. म्हणून तर दरवर्षी ३१ मेला सरकारी नोकरांच्या निवृत्ती समारंभांना हार पुरत नाहीत: महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याअखेर निवृत्त होतो.

'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात मात्र गंमत नाही. 'पुढील शिक्षणासाठी' आणि 'सतत गैरहजर राहिल्याने नाव कमी' या दोन ओळींच्या मध्ये या भागाचं पन्नास वर्षांचं समाजशास्त्र आहे. गैरहजर का, ते रजिस्टर सांगत नाही. ते बाहेर विचारावं लागतं. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला म्हणून, बापाने मुंबईला बोलावून घेतला म्हणून, कांद्याची लागण आली म्हणून, आणि मुलगी असेल तर बहुधा सोयरीक जमली म्हणून. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या शाळांच्या अशा रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. नोंद सापडली की लोक तेवढ्या एका ओळीचा फोटो काढून निघून जातात. त्याच पानावरच्या शेजारच्या ओळी कोणी वाचत नाही. पुढच्या लेखांनी त्या वाचल्या आहेत, हा मला त्यांचा मोठा गुण वाटतो.

मुंबईचा उल्लेख वर आला, त्यावर थांबायला हवं. उत्तर पुणे जिल्ह्याचा एक पाय कायम मुंबईत. डबेवाले मावळ-मुळशीइतकेच खेड, आंबेगाव, जुन्नरचे. शिवाय भाजीबाजार, कांदा-बटाट्याच्या वखारी, गोदी, गिरण्या. गावाकडच्या हायस्कूलची पहिली पक्की खोली अनेक ठिकाणी मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून उभी राहिलेली आहे. वर्गाच्या दारावर संगमरवरी पाटी: अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक यांजकडून. स्वतः चौथी झालेला हमाल, आईच्या नावाने आठवीचा वर्ग बांधून देतो. या देणगीमागे एक साधा हिशेब होता: आपलं पोरगं वखारीत येऊ नये. तो हिशेब बऱ्याच अंशी जमलाही. पण त्याचा उलटा परिणाम असा, की या शाळांचं यश नेहमी बाहेर गेलेल्यांवर मोजलं गेलं. सत्कार झाले ते इंजिनिअरांचे, फौजदारांचे, परदेशस्थांचे. दहावीनंतर शेतात राहून टोमॅटोचा बाजार अंगावर घेतलेल्या, गाईंचा गोठा उभा केलेल्या माजी विद्यार्थ्याला व्यासपीठावर खुर्ची मिळायला सहसा देणगीदार व्हावं लागलं. मला हे खटकतं. शाळा वर्षानुवर्षं ज्याच्या वर्गणीवर चालली तो गावात राहिलेलाच होता.

आता रस्ता. फाट्याचं हायस्कूल म्हणजे एसटीचं वेळापत्रक. पिंपळवंडी, राजुरी, बोरी, साळवाडी, बेल्हे, संतवाडी, कोळवाडी या गावांतून मुलं यायची ती आधी पायी, मग सायकलवर, मग पासावर. आण्याच्या पठारावरून घाट उतरून येणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी: वर पाणी नाही, खाली उतरायला वाहन नाही. नारायणगाव, जुन्नरला खोली करून राहणाऱ्या पोरांचा डबा सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागे ठेवला जायचा. कापडी पिशवीवर दोऱ्याने विणलेलं नाव. स्टँडवर मुलगा उभा. गाडी चुकली, फेरी रद्द झाली, की त्या दिवशी उपास. भाकरी, सुक्या बटाट्याची भाजी, आणि कधी आईने जपून पाठवलेला लाडू. हे सगळं एसटीने फुकट वाहून नेलं आणि त्याची नोंद तिच्या कुठल्याच हिशेबात नाही. कंडक्टर 'चौदा नंबर, चौदा नंबर' ओरडला की नवख्याला वाटायचं हा आपला सीट नंबर सांगतोय. तो थांबा आहे, नारायणगाव आणि आळेफाट्याच्या मध्ये.

मुलींच्या शिक्षणात भाषणांपेक्षा या पासाने अधिक काम केलं असं माझं मत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा एसटीचा पास फुकट झाला, ऐंशीच्या दशकात त्यांची फी आधीच गेली होती. 'सातवी झाली, आता पुरे' म्हणणाऱ्या बापाकडे पैशाचं कारण उरलं नाही. मग त्याने दुसरं काढलं: रस्ता लांब आहे, पोरगी एकटी आहे. त्यावर पोरींनीच तोड काढली, पाच-सहा जणी मिळून यायला लागल्या. ही साखळी किती नाजूक होती ते २०२१ला दिसलं. करोनानंतर ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले, आणि महिन्याभरात एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२पर्यंत रेंगाळला. ज्यांच्या घरी मोटरसायकल होती ती मुलं शाळेत आली. मोटरसायकल एकच आणि मुलं दोन, अशा घरातून मुलगा आला. त्याच २०२१च्या जुलैत परीक्षेशिवाय लागलेल्या दहावीच्या निकालाने राज्यात ९९.९५ टक्के गाठले होते. कागदावर एवढं लख्ख यश आणि शाळेच्या वाटेवर एवढी मोठी गळती, हे एकाच वर्षात पाहिलेल्या शिक्षकांशी टक्केवारीबद्दल बोलायला जाऊ नये.

पाण्यानेही वाटा बदलल्या, आणि त्या दोन्ही अंगांनी. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे फिरले, ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आणि कांदा आला. हातात पैसा आला. आंबेगाव तालुक्याचं मूळ आंबेगाव मात्र डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, आणि तिथल्या मुलांच्या दाखल्यावरचं जन्मगाव नकाशात शोधावं लागू लागलं. बागायतीने वर्गाचं वेळापत्रकही स्वतःच्या हातात घेतलं: डिसेंबर-जानेवारीत लागण, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, आणि बरोबर मार्चमध्ये बोर्ड. पहाटे चार ओळी कांदा उपटून अकराच्या पेपरला बसणारी पोरं या भागात अपवाद नव्हती. उसाने आणखी एक पाहुणा आणला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या जुन्नर वनविभागात बिबट्याने उसात घर केलं. माणिकडोहला निवारा केंद्र झालं तरी रानातल्या बिबट्यांची संख्या काही घटेना. गटागटाने चालत येणाऱ्या ज्या पोरींचं मी कौतुक केलं, त्यांना आता आईबाप अंधार पडायच्या आत गाडीवर नेतात-आणतात. बरोबरच करतात. पण पायी चालण्याने शाळेबाहेर जी एक शाळा भरायची, ती यात मोडली.

गॅदरिंगबद्दल लिहिल्याशिवाय हायस्कूलची प्रस्तावना पुरी होत नाही, आणि नारायणगाव शेजारी असताना तर नाहीच. तमाशाची पंढरी ती. पाडव्याच्या सुमाराला तिथे राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्या. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या. ज्या मातीत ढोलकी, सवालजबाब आणि वग इतका मुरलेला, तिथल्या हायस्कूलच्या रंगमंचावर वर्षानुवर्षं काय झालं? अफजलखानाचा वध, हुंड्यावरची एकांकिका, आणि बोर्डावरचं 'स्वागतम्'. लावणीला मज्जाव. पोरांनी यात्रेत रात्रभर तमाशा पाहायचा आणि सकाळी शाळेत तो पाहिला नाही असं सांगायचं, हा अलिखित करार. पुढे तीच लावणी सिनेमातून आली तेव्हा आठवीच्या मुलींनी नऊवारी नेसून बिनधास्त केली आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी बक्षिसंही लावली. शिक्षकांच्या सोवळेपणावर हसणं सोपं आहे. त्यांना पालकांना तोंड द्यायचं होतं, हेही खरं. मला अधिक बोचते ती दुसरी गोष्ट. दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत फडाबरोबर फिरणाऱ्या कलावंतांच्या मुलांना या वेळापत्रकात जागाच नव्हती. शाळा जूनला सुरू, फड ऑक्टोबरला निघणार. 'सतत गैरहजर' हा शेरा त्यांच्यासाठी जणू आधीच लिहून ठेवलेला. आजी-आजोबांकडे मागे राहिलेली मुलं शिकली, फडाबरोबर गेलेली बहुतेक राहिली. ऊसतोडणीला येणाऱ्या टोळ्यांच्या मुलांसाठी निदान साखरशाळा निघाल्या, तमाशाच्या मुलांसाठी तेवढाही विचार फार उशिरा झाला.

हल्लीचं थोडक्यात. फाट्यावर पिवळ्या बसगाड्या फिरतात, इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे फलक हायवेवर लागले आहेत, आणि हायस्कूलला तुकडी टिकवण्यासाठी सेमी-इंग्रजी काढावं लागलं. मे महिन्यात शिक्षक घरोघर जाऊन मुलं गोळा करतात. संचमान्यता पटावर ठरते, पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त' होतो आणि दुसऱ्या तालुक्यात जातो. एके काळी संस्थेच्या हातात असलेली भरती आता पवित्र पोर्टलच्या यादीतून होते, त्यामुळे संस्थेच्या निवडणुकीतली चुरसही जरा उतरली आहे. यातलं काय चांगलं आणि काय वाईट, यावर या भागात दोन तट आहेत आणि दोघांकडेही किस्से भरपूर आहेत. शिपायाची जागा रिकामी झाली की ती तशी भरत नाहीत, ठोक भत्ता मिळतो. या शेवटच्या गोष्टीचं नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. मुख्याध्यापक बदलत, शिक्षक बदलत; कोण कोणाचा नातू, कोणाच्या घरी दारू आहे, कोणता पोरगा डबा न आणता नळावर पाणी पिऊन दुपार काढतो, हे तीस-तीस वर्षं एका शिपायाला ठाऊक असे, आणि मधल्या सुट्टीत तोच ते गुपचूप निस्तरत असे.

या शाळांतून शिकलेले वाचक हे पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा आपल्या बॅचचा फोटो शोधतील. खुशाल शोधा. तिसऱ्या रांगेतला तो अर्धा कापलेला चेहरा कोणाचा, यावर आळे, राजुरी आणि वडगाव आनंद अशा तीन गावांचा दावा असणार, हे गृहीत धरूनच संपादकांनी त्याखाली नाव घातलेलं नाही.